दोन स्पीकरच्या मधली बाई

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, पोटात राहणारच नाही माझ्या! गाणी वाजवायच्या आमच्या जुन्या रिसीव्हरला झेपतील असे दोन छोटे स्पीकर मी शोधशोध शोधून आज आणले. पुस्तकांच्या कपाटात दोन टोकांना ठेवले, वायरी जोडल्या आणि बाबांच्या आवडीची ठुमरी लावली. आवाज असा फिक्का, जणू पाणी घातलेलं वरण! बाबा म्हणाले, "यापेक्षा माझा मोबाईल बरा. खोकं टाकलं नाहीस ना? परत देऊन ये."

रडूच यायचं बाकी होतं. मागे डोकावले, तर एका स्पीकरची लाल वायर मी काळ्याच्या जागी खोचलेली! बदलली, परत लावलं, आणि अहो, गाणारी बाई थेट मधोमध येऊन उभी राहिली, जिथे नुसते शब्दकोश आहेत तिथे! आई स्वयंपाकघरातून आली आणि चक्क शब्दकोश सरकवून मागे बघायला लागली. "तिसरा कुठे लपवलायस गं?"

तिसरा नाहीच ना! दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच ओढीने आत-बाहेर हलले की मधल्या रिकाम्या जागेत कुणीतरी तयार होतं. मला एकदम वाटलं, आमचं घरसुद्धा असंच असणार, आई आणि बाबा एकाच गोष्टीवर हसले की मधे कुठेतरी तयार होणारं.

बाबांनी खुर्ची बरोब्बर मध्यावर ओढली. "आता हात लावू नकोस कशाला."

"सरका की जरा," आई म्हणाली, "मलाही बसू दे बाईसमोर."

तुम्हाला कधी रिकाम्या जागेतून असं कुणी ऐकू आलंय का? सांगा ना!