मढला न पोहोचलेली समिती

अंधेरीहून वर्सोव्याची पहिली बस आमची चुकली, कारण आधी कोणी चढायचे यावर समितीत एकमत होईना. "आपण आधी." "छे, छे, आपण." अध्यक्ष आणि प्रा. कर्णिक दारात एकमेकांना वाट देत उभे राहिले. कंडक्टरने घंटी मारली आणि बस गेली.

भांडुपच्या मिठागरांपासून गोराईपर्यंत काही शाळा-कॉलेजांनी समुद्रनिरीक्षणाची केंद्रे काढली आहेत. पाण्याचे तापमान, खारटपणा, जाळ्यात येणारी मासळी हे सारे तिथे पाहिले जाते. या केंद्रांचा एकत्र कारभार कोणत्या तत्त्वांवर चालावा, हे ठरवण्यासाठी ही समिती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून तत्त्वे इंग्रजीत उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे. बोलण्याचे काम कोणी सांगितले नव्हते, आणि मलाही ते नको होते.

त्या दिवशीचा प्रश्न मढचा होता. तिथले केंद्र कुसुमताई नावाच्या शिक्षिका चालवतात. ते स्वतंत्र राहू द्यायचे, की बंद करून उपकरणे वर्सोव्याला आणायची, हे त्यांची बाजू ऐकून ठरायचे होते.

बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवांमधून आम्ही खाडीवर आलो. कर्णिकांनी नाकाला लावलेला रुमाल शेवटपर्यंत काढला नाही. समोर मढचा किनारा स्पष्ट दिसत होता. तिथे हिरव्या पातळातल्या एक बाई उभ्या होत्या. हातातला तांब्या उन्हात चमकत होता.

"त्याच कुसुमताई," अध्यक्ष म्हणाले. "येतील आता न्यायला."

तर (खाडी ओलांडून नेणारी होडी) काठाला लागली. तिच्यात बसायचे तर गुडघाभर चिखलातून जावे लागे. अध्यक्षांनी चिखलाकडे पाहिले, मग आपल्या बुटांकडे. "यजमानांनी यायची रीत असते. आपण थांबू."

तर गेली. आम्ही उपड्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसलो. चहा आला. पहिले तत्त्व मंजूर झाले: कोणत्याही केंद्राचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याच्याविषयी निर्णय घेऊ नये. दुसरे: सर्व केंद्रांचा दर्जा सारखा. दोन्ही एकमताने. तर परत आली. पलीकडे कुसुमताई तशाच उभ्या. माझे डोके दुखू लागले.

टोपली घेऊन तरीकडे निघालेली एक कोळीण थबकली. "काय गो बाय, लगनाला आलाव काय? यातला नवरा कंचा?"

मी मान खाली घातली. कर्णिकांनी घड्याळ पाहिले.

"त्यांना आस्थाच नाही, हे उघड आहे," ते म्हणाले. "हलवू या केंद्र."

"हो. लिहून घ्या," अध्यक्ष मला म्हणाले, "केंद्राची बाजू ऐकून घेतली, आणि..."

कधी ऐकली? मी चपला हातात घेतल्या आणि चिखलात उतरले.

"अहो, कुठे निघालात?"

कोळणीने हात देऊन मला तरीत ओढून घेतले.

मढला पाय ठेवते तोच कुसुमताईंनी माझ्या पायांवर पाणी ओतले. "ये गं. बाकीचे कुठायत? सकाळपासून उभी आहे मी."

"ते तुमची वाट बघताहेत. न्यायला याल म्हणून."

"न्यायला? पाहुण्यांचं स्वागत आपल्या दारात करतात. मीच तिकडे गेले तर इथे पाणी कोण देणार? सोड्यांचा (सुकवलेल्या सोललेल्या कोळंबीचा) रस्सा केलाय त्यांच्यासाठी."

मला त्यांचाही राग आला. "ताई, ते तिकडे तुमचं केंद्र बंद करताहेत!"

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि तशाच तरीत चढल्या. रस्सा कोणी खाल्ला, देव जाणे.

आम्हाला पाहताच अध्यक्ष उठले. "या, या, बसा. जरा उशीर केलात. ठराव झाला."

"झाला नाही," मी म्हणाले. "मी तो लिहिलेला नाही, सर. ऐकल्याशिवाय निर्णय नाही, हे मघाशीच मंजूर झालंय."

कर्णिकांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू उपडी होडीच बोलली. पण आपणच मंजूर केलेले तत्त्व मोडायचे कसे? त्यांना ऐकावे लागले. कुसुमताई बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या. वाद झाला, आवाज चढले, पुन्हा चहा आला. दिवस कलताना ठरले, की केंद्र मढलाच राहील. तेही एकमताने.

चांगली तत्त्वे सावलीत बसून झटपट मंजूर होतात. ती पाळायची तर कोणाला तरी चिखलात उतरावे लागते, आणि त्या कोणाचे नाव तत्त्वांत नसते. एवढे मला त्या दिवशी कळले.

घरी आल्यावर आईने माझ्या पातळाचे चिखलाने माखलेले काठ पाहिले आणि कपाळाला हात लावला. "दिवसभर केलंत तरी काय?"

"मढचं केंद्र मढलाच ठेवायचं ठरवलं."

"मग ते आधी कुठे होतं?"

मी पाय धुवायला मोरीत गेले.