चिठ्ठी दुसऱ्यानं वाचायची

किस्से साठवायला कपाट लागत नाही हे बरं आहे, नाहीतर आमच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा उरली नसती! आमच्या शनिवारच्या मंडळात गेल्या दोन वर्षांत इतक्या गमती झाल्यात की चार मराठी माणसं भेटली की कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, ते गाईचं सांग ना यार." मी सांगते. लोक पोट धरून हसतात.

माझी तक्रार एवढीच, की किस्सा कुठलाही असो, त्यात जिंकते मृणाल. सांगायचं काम तेवढं माझ्याकडे!

*

मंडळ सुरू झालं ते कुंदाकाकूंमुळे. काकू चाळीस वर्षं दिल्लीत आहेत. पहाडगंजच्या शाळेत मुलांना मराठी शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी झाली, आता निवृत्त होऊन नोएडात एकट्याच राहतात. आम्ही चौघं त्यांच्याकडे शनिवारी सकाळी पोह्यांना जायचो. मी पुण्याची, मृणाल ठाण्याची, आम्ही दोघी एकाच ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर. शबाना सोलापूरची, बँकेत. सॅमसन नगरचा, औषधांच्या कंपनीत.

एका शनिवारी मृणालनं मॅनिफेस्टेशनचा विषय काढला. जे हवं ते मिळालंच आहे असं समजून बोलायचं, की ब्रह्मांड ते आणून देतं, असं तिनं कुठल्याशा ऑनलाइन कोर्सात ऐकलं होतं.

काकू म्हणाल्या, "घरात वाईटसाईट बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते, असं आई आम्हाला रोज सांगायची. तेव्हा त्याला कोर्स म्हणत नव्हते!"

पण कल्पना त्यांना आवडली. त्यांनी नियम घातले. प्रत्येकानं आपली इच्छा, ती पुरी झाली आहे अशी, चिठ्ठीवर लिहायची. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या. मग एकेकानं डब्यातून दुसऱ्याची चिठ्ठी काढून मोठ्यानं वाचायची आणि सगळ्यांनी तथास्तु म्हणायचं.

"दुसऱ्याची कशाला?" मी विचारलं.

"स्वतःसाठी मागायला काय अक्कल लागते? दुसऱ्याचं मागणं आपल्या तोंडानं म्हणता येतं का, ते बघायचंय."

सॅमसननं हात वर केला. "काकू, मी आमेन म्हटलं तर चालेल?"

"मी आमीन म्हणेन," शबाना म्हणाली.

"काहीही म्हणा रे, पण एकदम म्हणा. पोहे गार होतायत!"

माझी चिठ्ठी पहिल्या दिवसापासून एकच होती. "माझी पुण्याला बदली झाली आहे." आई पुण्यात एकटी आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती जिना उतरत नाही, भाजीवाल्याला टोपली सोडते. सहा वर्षं मी इथे आणि ती तिथे. मला दुसरं काहीच नको होतं. मृणाल मात्र दर आठवड्याला नवीन काहीतरी मागायची, आणि लेकाचं मिळायचं!

*

आता गाईचं.

अठरा सेक्टरच्या मार्केटमध्ये रविवारी गाडी लावायला जागा मिळायची तर नशीब लागतं. मृणाल गाडीतच डोळे मिटायची, छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "थँक यू, जागा मिळाली." माझ्या डोळ्यांदेखत समोरची गाडी रिव्हर्समध्ये बाहेर निघायची. एकदा नव्हे, तीनदा! तिसऱ्यांदा तर तो गाडीवाला तिला हात करून गेला.

पुढच्या रविवारी मी एकटी गेले. डोळे मिटले, छातीवर हात ठेवला, अगदी मनापासून थँक यू म्हटलं. डोळे उघडले तर दोन गाड्यांच्या मध्ये खरंच जागा! आनंदानं गाडी वळवली, तर तिथे एक गाय निवांत रवंथ करत बसलेली.

मी हॉर्न वाजवला. गार्ड धावत आला आणि माझ्यावरच ओरडला, "मॅडम, शोर मत करो. ये इनकी जगह है, रोज यहीं बैठती हैं!"

गाईलासुद्धा 'इनकी'! मला ते अजून लागतं.

*

सॅमसनचं वेगळंच. त्याला घरी मोठा टीव्ही हवा होता, पण मागताना त्याला लाज वाटली. म्हणून त्यानं मोघम लिहिलं, "माझ्या हॉलमध्ये काहीतरी मोठं आलं आहे आणि आम्ही सगळे त्याच्यासमोर बसलो आहोत." आम्ही दणक्यात तथास्तु म्हटलं.

बुधवारी नगरहून त्याचे मोठे काका आले. सव्वासहा फूट, रिटायर्ड पोलीस, महिनाभरासाठी. रोज संध्याकाळी सगळ्या घरादाराला हॉलमध्ये बसवून नोकरीतल्या हकिकती सांगायचे.

"ब्रह्मांडानं ऑर्डर तर बरोबर पोचवली," शबाना म्हणाली. "तू मॉडेल नंबर टाकला नाहीस!"

मृणाल त्याच महिन्यात टीम लीड झाली. तिनं मॉडेल नंबर टाकला होता.

*

थंडीच्या आधी आम्ही पानिपतला गेलो. तिथे दुलया, चादरी, सतरंज्या छान मिळतात, हायवेनं दोन-अडीच तासांत पोचतो. लढाईच्या जागी गाडी थांबवून काकू दोन मिनिटं हात जोडून उभ्या राहिल्या. आम्हीही राहिलो. मग दुकानात गेलो.

तिथे एक निळी दुलई होती. अंगभर बारीक पांढरी फुलं, हाताला लोण्यासारखी मऊ. एकच पीस. मृणालनं मला वाटेतच सांगितलं होतं की तिनं निळी दुलई 'बघितली' आहे, म्हणजे मनात. मी दारातून आत शिरले ती सरळ त्या दुलईवर जाऊन बसले. शब्दशः बसले!

"तुला आवडली? घे ना," मृणाल म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की माझा अर्धा आनंद तिथेच गेला.

दुकानदाराला तिची दया आली असावी. "एक मिनट, दीदी," म्हणत तो वर गोदामात गेला आणि दुसरी निळी दुलई घेऊन आला. त्याच फुलांची, पण हातशिलाईची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. माझी एका बाजूनं पांढरी होती.

परतीच्या वाटेवर मी कुणाशी बोलले नाही. काकूंनी मागे वळून विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही काकू. मराठी माणूस पानिपतात हरला, एवढंच!"

*

मग ऑफिसात एचआरनं व्हिजन बोर्डचं वर्कशॉप घेतलं. मासिकांतली चित्रं कापायची, मोठ्या कार्डावर चिकटवायची आणि रोज बघायची. मी माझं कार्ड काकूंना दाखवायला नेलं. बाग दिसणारी बाल्कनी होती, केबिन होती, लाल गाडी होती, बॉबकट होता.

काकूंनी चष्मा वर केला. "बाल्कनी मृणालची. केबिन मृणालची. गाडी मृणालची. आणि हे केस तर परवाच कापून आली ती! वैशाली, यात तू कुठे आहेस?"

मी शोधलं. नव्हतेच. आईसुद्धा नव्हती, पुणंही नव्हतं. कार्ड सबंध भरलं होतं, त्यात त्या दोघींना जागाच राहिली नव्हती.

काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, चांगलं चांगलं बोललं की झालं, असं नसतं ते. रात्रंदिवस आपलं मन जिथे बसलेलं असतं, तेच आपलं मागणं. तोंडानं काय म्हणतो ते कोण ऐकतंय! दोन वर्षं तू एकाच मूर्तीसमोर बसलीयेस. अशी एकाग्रता मला आयुष्यात साधली नाही."

"म्हणजे तिचं प्रमोशन माझ्या ध्यानामुळे झालं?"

"निम्मं तरी!"

मला इतका राग आला की सोमवारी मी मृणालच्या केबिनीत गेले आणि तिच्या प्रमोशनच्या पेढ्यांतले उरलेले सगळे खाऊन आले. निम्मे तर माझेच होते.

*

काकूंच्या चिठ्ठीचं आम्हाला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. एकदा सॅमसनच्या हाताला कोरी चिठ्ठी आली. त्यानं उलटून पालटून पाहिली. "यात काहीच नाहीये."

"मग म्हणा की तथास्तु!" काकू म्हणाल्या. "माझी आहे ती."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. काकू डब्याचं झाकण पुसत म्हणाल्या, "हे आजारी होते तेव्हा मी मागायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. देव झाले, दर्गा झाला, चर्चमध्ये मेणबत्ती झाली. मिळालं नाही. ते गेल्यावर वर्षभर मी रुसून बसले. मग एक दिवस सकाळी चहा केला, खिडकीत बसले, आणि लक्षात आलं की आत्ता या क्षणी मी काहीच मागत नाहीये. इतकं बरं वाटलं! तेव्हापासून कोरीच टाकते."

शबानानं डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

शेवटी सॅमसन म्हणाला, "काकू, तुमची जागा रिकामीच जाते आहे, तर माझी दोनदा वाचू या का?"

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

*

आणि आता शेवटचं. हे मी चारचौघांत सांगत नाही.

फेब्रुवारीत ऑफिसात नोटीस लागली की पुण्याच्या ऑफिसात एक जागा आहे. एकच. मी त्याच दिवशी अर्ज केला. घरी आईला फोन केला, तर ती म्हणाली, "बघ बाई, मी आशा लावत नाही." पण पाठीमागे तिनं कपाट आवरायला काढल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी कळलं, मृणालनंही अर्ज केलाय. तिचा नवरा पुण्यात असतो. दोन वर्षं त्यांचा संसार विमानतळावर चाललाय. तिलाही कारण होतं, मला मान्य आहे. पण बाल्कनी तिची, केबिन तिची, दुलई तिची, आणि आता पुणंही तिचंच?

त्या शनिवारी डब्यात पाच चिठ्ठ्या पडल्या. माझी शबानाला आली, तिनं ती नेहमीसारखी वाचली. मग मी हात घातला. उलगडली तर हिरवी शाई. हिरव्या शाईनं मृणालच लिहिते.

"पुण्याची बदली माझी झाली आहे."

चौघं माझ्याकडे बघत होती. वाचलं की सगळे तथास्तु म्हणणार, आणि तिचं मागणं आजवर कधी फुकट गेलेलं नव्हतं. मला आईची टोपली दिसली. दोरीला बांधलेली, वरून हळूहळू खाली येणारी.

मी चिठ्ठीवर नजर ठेवून जे तोंडाला आलं ते म्हणाले. कुणाचं काही बिघडणार नाही असं काहीतरी. "मी तृप्त आहे. मला काही कमी नाही."

"तथास्तु!" "आमेन!" "आमीन!" इतकं खणखणीत एकदम आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. काकूंनी तर हात जोडले. चिठ्ठीचा बोळा मी मुठीतच ठेवला.

तीन आठवड्यांनी ऑर्डर आली. माझ्या नावाची.

आई फोनवर रडली. मीही रडले. आणि मग वाट बघत बसले, की मृणाल केव्हा रडते. ती रडेना! अभिनंदन करायला सगळ्यांत आधी तीच आली. दुपारी डबा खाताना गुणगुणत होती. मला वाटलं, नाटक. आठवडा झाला, दोन झाले. नवऱ्याशी फोनवर बोलताना खदखदून हसायची. पूर्वी सतत नवीन काहीतरी हवं असायचं तिला, आता दुकानावरून जाताना आत वळतही नव्हती. माझ्या हातात ऑर्डर होती आणि मला जेवण जात नव्हतं.

शेवटच्या दिवशी ती माझं टेबल आवरायला मदत करत होती. मला राहवेना.

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटायला हवं होतं ना? मी पण वाट बघत होते!" तिनं माझा कप कागदात गुंडाळला. "त्या शनिवारी माझी चिठ्ठी तू वाचलीस. हिरवी शाई मला दिसली."

मी रिकामा ड्रॉवर उगाच पुन्हा उघडला.

"मी काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं, वैशाली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. असा राग आला होता ना! पण तेवढ्यात सगळे तथास्तु म्हणून मोकळे झाले, काकूंनी हात जोडले. म्हटलं, आता इतक्या जणांनी दिलंच आहे तर घेऊन बघू. आणि घेतलं." ती हसली. "बिल्कुल फिट बसलं यार!"

खाली कॅब हॉर्न देत होती. पुण्याची ऑर्डर माझ्या पर्समध्ये होती, आई दोन दिवसांपासून पुरणाची डाळ आणून बसली होती, आणि मी तिथे उभी राहून मृणालचा हात धरला.

"मृणाल, ती चिठ्ठी... एकदा माझ्यासाठी वाचशील?"

"कुठली?"

"तीच. मी तृप्त आहे, मला काही कमी नाही."

तिनं गुंडाळलेला कप खाली ठेवला.

"अगं, ते चिठ्ठीत कुठे होतं? ते तर तुझ्याकडचंच होतं!"