कुंकू पुसायचं काम

सकाळी पार्सल आलं: दोन डझन हिरव्या बांगड्या आणि मोत्यांची नथ, मिळून तीनशे दहा रुपये. लेकीच्या शाळेतल्या नाटकासाठी.

नाटक पानिपतावरचं. नववीतल्या माझ्या मीराला शिपायाच्या विधवेचं काम मिळालं होतं, कारण शेवटचा विलाप मराठीत आहे आणि इथे उत्तरेत वर्गात मराठी बोलणारी ती एकटीच. पण कुमारिकेनं कुंकू पुसायचं? मला अशुभ वाटलं. नाटकाच्या मॅडमना जाऊन नको म्हणून सांगितलं.

त्या म्हणाल्या, “दीदी, बच्ची मेरी ज़िम्मेदारी है. आपकी मर्ज़ी के बिना नहीं करूँगी.” मीराला सखीचं काम दिलं, दोन वाक्यांचं.

आज दुपारी पहिला प्रयोग झाला, दुसरा शनिवारी आहे. विधवेचं काम मिळालेली सिमरन अडखळत विलाप करत होती आणि मागे उभ्या मीराचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. माझ्याच्यानं बघवेना.

नंतर सिमरनच म्हणाली, “मॅम, शनिवार को मीरा करेगी. मुझसे नहीं होता.” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हो म्हटलं.

मीरा म्हणाली, “नको आई. तू सगळा वेळ डोळे मिटून जप करत बसशील. मला बघणार कोण?”

मैत्रिणींनो, तिला कसं समजावू? मॅडमना उद्या सांगायचंय. वाचलंत की लगेच कळवा.