इंदूमावशीचा बिस्किटांचा डबा

मावशी माझ्या डोळ्यांसमोर गेली, तरी तिच्या जाण्याची बातमी मला फोनवरून देण्याचा उत्साह काकांच्या चळवळीतल्या दादासाहेबांनी दाखवला. “आपली अन्नपूर्णा गेली,” असं म्हणून ते आवाज कापरा करून थांबले... माझ्या इंदूमावशीला हा शब्द किती नावडता होता, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हरकत नव्हती. पण ऐकून घेण्याची सवय या मंडळींना कधीच नव्हती. पुढे शोकसभेतही हाच शब्द पुन्हा पुन्हा आला आणि चहाबरोबर बेकरीची मिळमिळीत बिस्किटं आली. मावशी असती तर बशी दूर सारून उठली असती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात मी दादरला तिच्याकडे शिकायला होते. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, दिवसा शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीत चळवळ चालवायचे. म्हणजे सात-आठ जण पाय पसरून बसायचे आणि मुंबई कशी घ्यायची ते एकमेकांना ओरडून सांगायचे. आत मावशी बिस्किटं भाजायची. एका आजारपणात परळच्या इस्पितळात मावशीच्या शेजारच्या खाटेवर एक पारशी बाई होती, तिच्याकडून ती ही ओटची बिस्किटं शिकली होती. ओट, थोडी कणीक, तूप, गूळ आणि बारीक चिरलेला खजूर, जर्दाळू, काळ्या मनुका. ओव्हन कुठला असायला? जुन्या पातेल्यात चौपाटीची वाळू, तिच्यावर थाळी, झाकणावर निखारे. वास बदलला की ती झाकण उचलायची. माझ्याकडून कडा करपल्या की म्हणायची, “नाक काय शेजारणीकडे ठेवून आलीस?”

बाहेरचे थोर पुरुष मनुका आणि जर्दाळू कोरून खायचे आणि ओटचा चुरा बशीत टाकायचे. दादासाहेब तर त्याला घोड्याचं खाणं म्हणत. “यांना मुंबई अशीच हवी असणार,” बशा उचलताना मावशी मला म्हणायची, “वरच्या मनुका तेवढ्या वेचून.” बशी मोरीपर्यंत न्यायला यांच्यातला एकही कधी उठला नाही.

मग सत्याग्रहाची तुकडी ठरली. अटक करवून घ्यायची, तुरुंगात जायचं. मावशी पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, “माझंही नाव घाला.” दादासाहेब हसले. “वहिनी, तुम्ही आत गेलात तर आमची बिस्किटं कोण करणार?” बाकीचे हसले. काकाही हसले, ते मी विसरलेले नाही. मावशी आत गेली. तिनं तुकडीच्या शिदोरीसाठी मोठा डबा भरायला घेतला. बाईची समजूत पटली म्हणून मंडळी खूश झाली.

त्या सकाळी सगळे हार घालून डब्याची वाट बघत बसले. डबा नव्हता आणि मावशीही नव्हती. गिरणगावातल्या डिलाईल रोडवरून बायकांची वेगळी तुकडी निघणार होती. तिच्यात गिरणीत जाणाऱ्या कोकणातल्या बायका होत्या, शेजारच्या चाळीतल्या बौद्ध बायका होत्या. डबा काखोटीला मारून मावशी पहाटेच तिकडे गेली होती. काका गळ्यातल्या हारासकट स्वयंपाकघरात आले, रिकाम्या फळीकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, “आता चहाबरोबर काय?” माणूस इतका लहान होऊ शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

ती सुटून आली तेव्हा वाळली होती, पण खुशीत होती. “त्या बायकांनी चुरासुद्धा ठेवला नाही गं. एक मालवणी बाई म्हणते कशी, ‘गो बाय, बरा लागता ह्या, आनी आसा?’ आणखी मागत होती!” तुरुंगात डबे बदलू नयेत म्हणून त्यांच्यातल्याच एकीनं झाकणावर खिळ्यानं मावशीचं नाव कोरून दिलं होतं. अक्षरं वाकडी, पण नाव पूर्ण. काकांच्या मंडळींना मात्र तिनं पुन्हा कधी बिस्किटं केली नाहीत.

गेल्या आठवड्यात दादासाहेब दोघांना घेऊन माझ्याकडे आले. चळवळीच्या वस्तू सभागृहात मांडणार आहेत, त्यासाठी वाळूचं पातेलं हवं होतं. खाली पाटी लागणार, ‘कार्यकर्त्यांची अन्नपूर्णा’. मी आतून डबा आणून समोर ठेवला.

“हा न्या. हा तुरुंगात जाऊन आलाय.”

“गंजलाय गं. आणि यावरून लोकांना काय कळणार?”

“नाव वाचता येतं की.”

त्यांनी चष्मा पुसला, झाकण डोळ्यांजवळ नेलं, वाचलं... आणि डबा खाली ठेवून पुन्हा पातेल्याचंच विचारलं. मी पातेलं दिलं नाही. ते गेल्यावर शेगडी पेटवली आणि बिस्किटं केली. कडा करपल्याच. निवल्यावर ती डब्यात भरली आणि तिचं नाव वर राहील असं झाकण लावलं.