सिद्रा वादीची वाट

सुहासिनी देवस्थळी मूळची सासवडची. कऱ्हेकाठची संगमेश्वर, चांगवटेश्वर ही देवळं तिनं वडिलांच्या सायकलवर बसून इतक्या वेळा पाहिली होती, की पडक्या जागांचं वेड अंगातच मुरलं. लग्नानंतर दुबईला आली, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर झाली, तरी शनिवारी तिची गाडी डोंगराकडे वळायचीच. इथं नद्या नव्हत्या, पण वाद्या होत्या. एरवी कोरडी आणि पाऊस आला की दुथडी वाहणारी ही खोरी. त्यांच्या कडेनं बुरूज, जुनी थडगी, माणसांनी सोडून दिलेली दगडी गावं.

सहा वर्षांपूर्वी अशीच भटकत ती सिद्रा वादीत पोचली आणि तिथं तिला यहया भेटला. सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा त्या गावातला शेवटचा. बाकी सगळे केव्हाच शहरात राहायला गेले होते. हा मात्र मुझम्मिल नावाच्या गड्याला हाताशी धरून खजुराची बाग राखून होता. हिंदी त्याला चांगली येई. त्यानं तिला आजोबांनी बांधलेली छोटी मशीद दाखवली. छप्पर पडून गेलं होतं, उभी होती ती दाराची चौकट. तिच्या वरच्या लाकडावर आजोबांनी खजुराची पानं कोरली होती. आपल्याकडे जिथं गणेशपट्टी असते नेमकं तिथं, असं सुहासिनीच्या मनात आलं आणि तिनं नकळत हात जोडले. यहयाला ते आवडलं असावं. निघताना त्यानं एवढंच मागितलं, की वाट कुणाला सांगू नकोस. तिनं शब्द दिला. पुढे दर हिवाळ्यात ती जात राहिली.

गेल्या गणपतीत दुबईतल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तिनं कऱ्हेच्या खोऱ्यातल्या देवळांवर लेख लिहिला. संपादक होता उपेंद्र. तो म्हणाला, "ताई, लेख फर्स्ट क्लास आहे, पण सासवडला कोण जाणार? वीकेंडला मुलांना नेता येईल असं इथलं काहीतरी टाका ना. लोकेशनसकट."

इथल्या चार-पाच जागा तिला सहज देता आल्या असत्या. पण त्या सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या, आणि सिद्रा वादी मंडळात कुणालाच माहीत नव्हती. त्या मोहानंच घात केला. तिनं दोन पानं लिहिली आणि नकाशाही दिला. स्मरणिका वाटली गेल्यावर कौतुकाचे मेसेज आले. तिनं एकेकाला सावकाश उत्तर दिलं.

जानेवारीत मंडळाच्या ग्रुपवर एका कुटुंबाचा पिकनिकचा फोटो आला. मागे डोंगर, मध्ये शेकोटी, भोवती कणसं भाजणारी मुलं. सुहासिनीनं त्यावर हार्ट टाकलं. मग मुलांचे चेहरे बघायला तिनं फोटो मोठा केला, तर शेकोटीत अर्धं जळालेलं लाकूड होतं, आणि त्यावर खजुराची पानं कोरलेली होती. तिनं हार्ट काढून घेतलं. ग्रुपवर मात्र चकार शब्द लिहिला नाही.

पुढच्या शनिवारी ती मुलीला, मिहिकाला, घेऊन वादीत गेली. लेखाचं आणि फोटोचं तिला वाटेत सांगितलं. यहया मशिदीच्या बोडक्या दाराशी बसला होता. त्यानं नेहमीसारखी कॉफी दिली, खजूर पुढे केले. मग सांगितलं, की मुझम्मिलनं बागेकडच्या रस्त्यावर आडवी साखळी लावली नाही, म्हणून कोणीतरी गाड्या घेऊन आत आलं. तो शपथा घेत होता की लावली होती. त्याला हाकलून दिलं. चौदा वर्षं होता.

सुहासिनीच्या हातात कॉफीचा छोटा कप होता. ती म्हणाली, "बहुत बुरा हुआ." आणि तिनं कॉफी संपवली.

परतीच्या वाटेवर मिहिका म्हणाली, "आई, यू डिडन्ट टेल हिम."

"जमलं नाही गं."

"बट दॅट मॅन लॉस्ट हिज जॉब."

चार दिवस सुहासिनीला अन्न गोड लागलं नाही. ऑफिसात तिनं ड्रॉइंगची जुनी, रद्द झालेली आवृत्ती साइटवर धाडली. बुधवारी रजा टाकून ती एकटीच निघाली, आणि यहयापुढे स्मरणिका उघडून धरली. मराठी त्याला वाचता येणार नव्हतं. पण नकाशावर त्यानं बोट ठेवलं, ते वळणावळणानं नेत बागेपर्यंत आणलं आणि तिथंच थांबवलं. तिनं सगळं सांगितलं, कोणाचंही नाव पुढे न करता. आपण लिहिलं, आपण शब्द मोडला, मुझम्मिलचा दोष नाही.

"उस दिन भी तुमको पता था," यहया म्हणाला. "तुमने कॉफी पी."

त्यानं त्या दिवशी कॉफी विचारली नाही.

मुझम्मिल रास अल खोरच्या भाजी मार्केटमध्ये हमाली करत असल्याचं कळल्यावर ती तिथं गेली. कांद्याच्या पोत्यांपाशी उभं राहून तिनं त्याची माफी मागितली. पन्नाशीचा तो माणूसच उलट अवघडला. मॅडम, इथं नका उभ्या राहू, ट्रॉल्या लागतील, म्हणाला. परत ये म्हणून यहयाचाही फोन येऊन गेला होता, पण जायचं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. ज्यानं शपथेवर विश्वास ठेवला नाही, त्याच्याकडे परत कसं जायचं, असं तो हळूच बोलला. शेवटी फेब्रुवारीत, खजुराच्या मादी झाडांना नराच्या फुलोऱ्याची पूड लावायची वेळ आली तेव्हा तो गेला. म्हाताऱ्याचे गुडघे झाडावर चढू देत नव्हते, आणि झाडांनी काही केलं नव्हतं.

सुहासिनीनं ग्रुपवर सगळं लिहिलं, आणि नकाशाचं पान फाडून टाकायची विनंती केली. ते कुटुंब ग्रुप सोडून गेलं. त्यांना ते लाकूड जुनं सरपण वाटलं होतं. उपेंद्रनं फोन करून, एवढं जाहीर लिहायची गरज नव्हती, असं सुनावलं. किती जणांनी पान फाडलं, ते कळायला मार्ग नाही.

मार्चअखेर तिनं मुझम्मिलला फोन करून विचारलं, एकदा येऊन जाऊ का. त्यानं फोन बाजूला धरून म्हाताऱ्याला विचारलं. "बाबा बोले, अभी नहीं," तो म्हणाला, आणि अवघडून तिच्या मुलीची चौकशी करू लागला. ती मजेत आहे असं सुहासिनीनं सांगितलं. मग कधी, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.