दहापैकी दहा

केशव देवपुजारी आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. मी मराठी शिकवायचो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्यामुळे एकमेकांच्या डब्यातलं आणि घरातलं दोघांनाही ठाऊक असे. माणूस मितभाषी. वर्गात आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही, पण त्यांच्या तासाला पोरं मागच्या दाराने सटकत नसत. कुणी सरासरी सांगितली की ते विचारायचे, "कोणाची? आणि कोणी काढली?" पुढे हीच दोन वाक्यं न बोलल्याचं दुःख त्यांच्या वाट्याला आलं.

आमचं कॉलेज जुनं, अनुदानित. शिकवणारे चांगले होते आणि बाकी सगळ्याची बोंब होती. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती, वाचनालय चारला बंद व्हायचं, प्रयोगशाळेतले निम्मे संगणक सुरूच होत नसत.

करोनानंतर वर्ग पुन्हा भरायला लागले, त्या वर्षी एका मासिकाने विदर्भातल्या कॉलेजांची क्रमवारी लावायचं ठरवलं. क्रम लावणार होते विद्यार्थ्यांच्या मतांवरून. पद्धत सोपी होती. कॉलेजकडे एक लिंक यायची. विद्यार्थ्याने मोबाइलवर ती उघडायची आणि आपल्या कॉलेजला गुण द्यायचे. शिकवणं, ग्रंथालय, स्वच्छता, कॅन्टीन, नोकरीच्या संधी, प्रत्येकाला दहापैकी किती ते. मग मासिकवाले सगळ्यांची सरासरी काढणार आणि कॉलेजं वरून खाली मांडणार. प्राचार्यांनी हे काम केशवरावांकडे दिलं. आकड्यांचं काम म्हटल्यावर दुसऱ्या कोणाकडे जाणार?

केशवरावांनी पोरांना हॉलमध्ये बसवलं. मीही मागे उभा होतो.

"काय भरायचं ते मी सांगणार नाही," ते म्हणाले. "मी सांगितलं तर ते माझं मत झालं. तुम्हाला वाटतं ते भरा."

एका पोराने विचारलं, "सर, कमी देल्ले तर चालते का?"

"खरं असेल तर चालतं."

पोरांनी खरं भरलं. सोनिका वैरागडे नावाची त्यांची एक आवडती विद्यार्थिनी होती, शहराच्या टोकाच्या वाडी भागातून सिटी बसने यायची. शिकवण्याला तिने नऊ दिले, ग्रंथालयाला चार आणि स्वच्छतेला दोन. तिने स्वतःच सरांना तसं सांगितलं. केशवराव खूश झाले. "पोरांनी विचार करून भरलंय हो," असं मला दोन-तीनदा म्हणाले.

उन्हाळ्यात यादी छापून आली. आमचं कॉलेज पार तळाला होतं. वरून दुसऱ्या नंबरवर रिंगरोडपलीकडचं एक नवं कॉलेज होतं, काचेच्या इमारतीचं. त्याला उघडून पुरती दहा वर्षंही झाली नसतील.

प्राचार्य स्टाफरूममध्ये आले, मासिक टेबलावर टाकलं आणि सर्वांदेखत म्हणाले, "देवपुजारी, तुम्ही आपल्या पोरांना खरं बोलायला सांगितलं. बाकीच्यांनी नाही सांगितलं."

 दुपारी केशवराव मला म्हणाले, "यात गफलत काय आहे, सांगू? आपल्या पोरांनी ते कॉलेज पाहिलेलं नाही. तिथल्या पोरांनी आपलं पाहिलेलं नाही. जो-तो आपल्याच घरच्या जेवणाला मार्क देऊन राहिला. आपलं पोरगं सहा देतं, तेव्हा त्याच्या मनात 'बरं आहे' असतं. तिथलं दहा देतं, तेव्हा त्याच्या मनात काय असतं, मला माहीत नाही. आणि हे दोन आकडे एकाखाली एक मांडायचे!"

"मग हे पोरांना आधी का नाही सांगितलं?" मी सहज विचारलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि तासाला निघून गेले.

जूनमध्ये प्रवेशाची खिडकी उघडली तर पालकांच्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर ती यादी. आमच्याकडे गर्दी निम्म्याने घटली. संख्याशास्त्राला तर इतकी कमी पोरं आली की विषय चालू राहतो की बंद होतो, याचीच चर्चा सुरू झाली. त्यात पहिला बळी गेला गोपिकाचा. गोपिका ही केशवरावांचीच जुनी विद्यार्थिनी, आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायची. तास मिळाले तर पगार, नाही तर घरी बसा, अशी ती नोकरी. पोरंच नाहीत म्हटल्यावर तास कुठून मिळणार? ऑगस्टमध्ये तिला "या वर्षी नको" म्हणून सांगण्यात आलं. सांगायचं काम विभागप्रमुख म्हणून केशवरावांवरच आलं.

महिन्याभरात तिला नोकरी मिळाली, आणि तीही त्या काचेच्या कॉलेजात. केशवरावांनी तिथल्या लोकांना स्वतः फोन करून तिची शिफारस केली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती त्यांच्या घरी भेटायला आली. मीही तिथे होतो. मुग्धावहिनींनी, म्हणजे केशवरावांच्या पत्नीने, पन्हं दिलं. इकडचं-तिकडचं झालं आणि गोपिका एकदम म्हणाली, "सर, या वर्षी तिथे सर्व्हे भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं."

"मग? कसं भरून घेतलंस?"

"एकेका वर्गाला लॅबमध्ये बसवलं. फळ्यावर एकच वाक्य लिहायचं, तसं वरूनच सांगितलं होतं. 'तुमच्या डिग्रीवर या कॉलेजचं नाव राहणार आहे. ते किती मोठं दिसावं, हे तुमच्या हातात आहे.' झालं. बाकी काही सांगावं लागलं नाही."

"आणि पोरांनी भरलं?"

"हो सर. दहापैकी दहा. कोणी जबरदस्ती केली नाही. पोरांनाही कळतं ना, आपलं कॉलेज वर गेलं तर फायदा आपलाच." तिने ग्लास खाली ठेवला. "तिथे विषयाला शिक्षक नाहीत सर. मी एकटी तीन विषय शिकवून राहिले, त्यातला एक मला स्वतःलाच येत नाही. डेटा सायन्सचा कोर्स काढलाय, त्याची लॅब अजून खोक्यात आहे."

निघताना ती म्हणाली, "हे बाहेर नका बोलू सर. माझी नोकरी आहे."

"नाही बोलणार," केशवरावांनी शब्द दिला.

यानंतर दोन-तीन आठवड्यांनी नत्थूजी वैरागडे आले. हे सोनिकाचे वडील. मूळचे कुहीकडचे, आता वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनीम. केशवरावांवर त्यांचा फार विश्वास, आणि त्याला कारण होतं. सोनिका बी.एस्सी. झाल्यावर घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा केशवराव स्वतः वाडीला गेले होते आणि तिला एम.एस्सी. करू द्या म्हणून बसून राहिले होते. नत्थूजींनी ऐकलं. पोरगी पुढे शिकत होती आणि वर्गात पहिली येत होती.

आता धाकटा आयुष बारावी झाला होता. नत्थूजी टोपी हातात घेऊन सोफ्याच्या कडेला बसले.

"सर, पोट्टा म्हणते, मले त्या रिंगरोडच्या कॉलेजात जाचं हाये. डेटा सायन्स का काय म्हणते. मी म्हटलं, बापू, आपल्या सरच्या कॉलेजात जाय, तुही बहीण तिथूनच शिकली. तर त्यानं मोबाइल दाखवला. म्हणे, बाबा, सरचं कॉलेज पाहा कुठं हाये, अन् हे पाहा कुठं हाये. आता मले यातलं काय समजते जी? तुमी सांगान तसं करतो."

 केशवरावांच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते त्यांनी मला फार पुढे सांगितलं. गोपिकाला दिलेला शब्द आठवला, हे खरं. पण तिचं नाव न घेताही बोलता आलं असतं. तिथले शिक्षक कोण आहेत ते विचारा, लॅब डोळ्यांनी पाहून या, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. खरी अडचण दुसरी होती. यादीत आपलं कॉलेज तळाला, आपल्या विभागाला पोरं मिळेनात, अशा वेळी आपण त्या कॉलेजला नावं ठेवली तर नत्थूजींना काय वाटेल? सर जळतात, गिऱ्हाईक ओढतात, असंच वाटेल. तो विचारही त्यांना सोसवला नाही.

"आता पोरांनीच दिलेली मतं आहेत," ते म्हणाले. "आयुषची इच्छा असेल तर जाऊ द्या."

नत्थूजींच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. "बस जी, तुमी हाव म्हटलं म्हणजे झालं." पाया पडून गेले.

आयुष त्या कॉलेजात गेला. पहिलं वर्ष बरं गेलं. गणवेश, ओळखपत्र, मोठं ऑडिटोरियम, सगळ्याचं अप्रूप होतं. दुसऱ्या वर्षी मुख्य विषय शिकवायला कोणी येईना. आज येतील, उद्या येतील, करत वर्ष सरलं. तोवर गोपिकाही ते कॉलेज सोडून नवऱ्याच्या बदलीबरोबर अकोल्याला गेली होती. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर कॉलेजने कोर्सच बंद केला आणि पोरांना सांगितलं, दुसऱ्या शाखेत बसा, राहिलेल्या विषयांची परीक्षा मागून द्या. अर्धी पोरं तशी बसली. आयुष बसला नाही. त्याने कॉलेज सोडलं आणि वडिलांच्याच गोदामात गाड्यांची बिल्टी, म्हणजे मालाच्या पावत्या, करायला लागला.

ही बातमी केशवरावांना सोनिकाकडून कळली. ती आता पुण्याला एका विमा कंपनीत होती. फोनवर ती रडली नाही. फक्त म्हणाली, "सर, तो माझ्यापेक्षा हुशार होता."

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात आले नाहीत. वाडीला गेले. मला सोबत घेतलं. का, ते सांगितलं नाही. अमरावती रोडला ट्रकांच्या रांगेतून वाट काढत आम्ही गोदामापाशी पोचलो. आयुष टेबलाशी बसून ड्रायव्हरशी बोलत होता. सरांना पाहून उठला, चहा मागवला.

"आयुष, तू तो सर्व्हे भरला होतास?" केशवरावांनी विचारलं.

"हाव ना सर. दोन्ही वर्षी."

"दुसऱ्या वर्षीसुद्धा? शिक्षक नव्हते तेव्हा?"

"मंग काय करता सर? कमी देल्ले असते तर कॉलेजचं नाव खराब झालं असतं. आमचंच ना नुकसान." तो हसला. "दहाच देल्ले."

तिथून त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. नत्थूजी जेवायला घरी आले होते. त्यांच्या पत्नी इंदुताई पोळ्या करत होत्या. केशवराव जेवायला बसले नाहीत. उभ्या-उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. ती यादी कशी तयार होते, तिथे गुण कसे भरून घेतात, आणि नत्थूजी विचारायला आले त्या दिवशी हे सगळं आपल्याला ठाऊक होतं.

नत्थूजींचा हात ताटातच थांबला. "तुमाले माईत होतं?"

"होतं."

"मंग काहून नाई सांगतलं जी?"

"तुम्हाला वाटेल मी जळून बोलतो, म्हणून."

 नत्थूजी मान खाली घालून भात कालवत राहिले. बोलल्या त्या इंदुताई. आवाज मोठा नव्हता. "सर, आमी तुमाले तसं कधी म्हटलं असतं का? पोरीच्या येळेस तुमी घरी येऊन भांडले. आमी तवा काही म्हटलं? पोराच्या येळेस आमीच तुमच्या दारी आलो होतो."

केशवरावांनी हात जोडले. इंदुताईंनी तवा उतरवला आणि आम्हा दोघांना पाणी दिलं. आम्ही प्यायलो आणि निघालो.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "पोरांना मी खरं भरा म्हणालो, त्याचा मला पस्तावा नाही. पण ते आकडे कुठे जाणार, त्यांचं काय होणार, हे मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. शिकवायचा विषय तोच होता माझा. आणि नत्थूजी आले तेव्हा तर नुसतं तोंड उघडायचं होतं."



यंदा मार्चमध्ये ते निवृत्त झाले. संख्याशास्त्र आमच्याकडे कसंबसं सुरू आहे. यादी दर वर्षी येते, आता आमचे प्राचार्यही पोरांना लॅबमध्ये बसवतात आणि आम्ही बरेच वर सरकलो आहोत. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी अजून बसलेली नाही. केशवरावांनी आयुषला निरोप पाठवला होता की मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण कर, मी रविवारी येऊन शिकवत जाईन. "पाहू सर, आता सीझन हाये," असं त्याचं उत्तर आलं. पुन्हा विचारायचं धाडस त्यांनी केलं नाही.

नत्थूजी त्यांच्याकडे येत नाहीत. सोनिकाचा फोन मात्र येतो. दिवाळीनंतर तिचं लग्न आहे, वाडीलाच. पत्रिका वडील वाटणार आहेत. परवा फुटाळा तलावावर फिरताना केशवरावांनी मला विचारलं, "आपल्याकडे येतील ते द्यायला?"

येतील हो, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागले.