माय म्हणून राहिली, जीभ दाखव

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर त्यालाच "हो बाजूला" म्हणणारी मी बाई... पण हे लिहायलाच हवं.

आम्ही हिंगोलीजवळच्या पुसेगावचे. सासऱ्यांना – आम्ही अण्णा म्हणतो – डिमेन्शिया आहे. नावं विसरायचे, घरची वाट चुकायचे. तेवढं आम्ही सांभाळून घेत होतो. मागच्या वर्षी मात्र ते माझ्यावरच उलटले.

"भाजीत काय कालवून राहिली? मला मारायचं हाय तुला!"

माझ्या हातचं जेवण बंद. माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललं. त्यात अंगणातल्या लिंबाखाली त्यांना त्यांची आई दिसायला लागली... मी लग्न होऊन येण्याआधीच वारलेली! तिचं काही ऐकल्यासारखं करून अण्णा लेकरासारखी जीभ बाहेर काढायचे. शेजारीण म्हणाली, "बाहेरचं हाय व्हय." तिला चहा पाजून वाटेला लावलं.

एका दुपारी न राहवून विचारलं, "अण्णा, काहून जीभ काढता?"

"माय म्हणून राहिली, सुनेला जीभ दाखव."

पाहिली... लालबुंद, गुळगुळीत, सोलल्यासारखी.

दुसऱ्याच दिवशी हिंगोलीला नेलं. जीभ बघूनच डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला; जीभ अशी होणं, संशय, भास, सगळं त्यानंही होतं म्हणाले. "दूध-दही खात नाहीत का?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णा माळकरी, मांस-अंड्याचा प्रश्नच नाही. आणि दूध-दही? पहिल्या बाळंतपणात मी अडले होते, तेव्हा ते नरसीच्या देवळात जाऊन नवस बोलले होते – सून-लेकरू सुखरूप सुटू दे, जन्मभर दूध-दह्याला शिवणार न्हाई. पोरगी आता कॉलेजात आहे. अण्णांचा चहा तेव्हापासून कोराच, आणि आमच्या कुणाच्या ते ध्यानातही राहिलं नव्हतं. मी डॉक्टरांसमोरच रडले.

इंजेक्शनं सुरू झाली. हळूहळू संशय गेला, लिंबाखालची आईही गेली. विसरणं आहेच, ते राहणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण परवा ताट पुढे ठेवलं तर म्हणाले, "तू जेवलीस का बाई?" माझं नाव आठवत नव्हतं त्यांना. मला तेवढंही पुरलं.

अशा आजारात भास होतात, डॉक्टरांनी समजावलं, पटलंही. पण जीभ दाखवावी, तीही मला, हे त्या भासाला कसं सुचलं? पितरांच्या ताटात आजेसासूबाईंच्या नावानं आता दही मात्र मी हात सैल सोडून वाढते.